काहिलीत पाय

पुरात माणसं कशी वागतात हे बातम्या देणाऱ्यांना आधीच ठाऊक असतं. 'बघ्यांची गर्दी' हे शब्द त्यांच्याकडं तयारच असतात. त्या गर्दीत मी होते, आणि तो 'बघे' शब्द अजून माझ्या डोक्यात जातो.

सीना नदीचं पाणी ओढ्यात उलटं शिरलं आणि पलीकडच्या वस्तीवर माझ्या थोरल्या जाऊबाई एकट्या अडकल्या. म्हशी सोडून दिल्याशिवाय त्या निघेनात, तोवर वाट बुडाली. आता त्या पत्र्यावर बसल्या होत्या आणि खाली मातीच्या भिंती भिजत होत्या. भिंत बसली की बाई गेली, हे काठावरच्या प्रत्येकाला दिसत होतं.

जीपमधून आलेले साहेब भोंग्यावरून ओरडत होते, "बघ्यांनी मागे व्हा. बोट निघाली आहे." निघालीही असेल. पण जीप आल्यावर मागं रस्त्यावरचा पूलही पाण्याखाली गेला होता, मग बोट येणार कुठून, आभाळातून?

आम्ही मागं झालो नाही. कुणाला तरी गुऱ्हाळावरची काहील आठवली, गूळ कढवायची ती मोठी पसरट कढई. दहा-बारा जणांनी ती उभी करून चाकासारखी गडगडवत आणली. दोर हवा होता. आम्ही बायका गोठ्यागोठ्यांत शिरलो आणि पोळ्याला घेतलेले बैलांचे नवेकोरे कासरे सोडून आणले. एरवी त्या कासऱ्याला शेजाऱ्याचा हात लागू न देणारी माणसं स्वतः गाठी मारायला बसली. रस्ता बंद म्हणून सोनारीच्या भैरवनाथाला निघालेले भाविक एसटीतून उतरले होते. ना ओळख ना पाळख, तेही दोराला भिडले. त्यांच्यातल्या एका बाईनं स्वतःची ओढणी फाडून माझ्या हातांना गुंडाळली, दोरानं तळवे सोलू नयेत म्हणून.

दोन पट्टीचे पोहणारे काहील ढकलत वस्तीवर पोचले. आणि आमच्या जाऊबाई आत बसेनात! पोहणारे हात जोडताहेत, या मान हलवताहेत. काय झालं म्हणून आम्ही ओरडलो, तर पलीकडून उत्तर आलं, "गुळाच्या काहिलीत पाय ठिवू व्हय? अन्नाचं भांडं हाय ते!"

माझं टाळकंच सरकलं. "काहील म्या धुईन, आक्का! तुमी बुडल्यावर काय धुऊ?"

उभ्या जन्मात मी त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता. त्यांनी काहिलीच्या काठाला हात लावून तो कपाळाला नेला, लुगडं सावरलं आणि आत उतरल्या. आम्ही ओढायला लागलो. मधल्या धारेत काहिलीनं गिरकी घेतली, गाठी करकरल्या. भैरवनाथाच्या नावानं चांगभलं करत भाविकांनी पाय रोवले. काहील काठाला लागली तेव्हा मागं भिंत बसली आणि पत्रा पाण्यात गेला. मी सगळ्यांसमोर हमसून रडले.

साहेब आले. माणूस वाईट नसावा, चेहरा पार उतरला होता. पण आवाज भोंग्यातलाच. "कुणी वाहून गेलं असतं म्हणजे? याची परवानगी कुणी दिली?"

चिखलात बसलेल्या जाऊबाई कुडकुडत उभ्या राहिल्या.

"म्या दिली," त्या म्हणाल्या. "जीव माझा व्हता."