अण्णा मोकळे होऊन गेले

आईचा फोन आला तेव्हा मी हडपसरच्या ऑफिसात होते. ती एवढंच म्हणाली, "अण्णा गेले गं... सावकाश ये, घाई करू नकोस." घाई करून पोचायचं तरी आता कुणासाठी होतं? रिक्षात मी रडले नाही, नुसती बाहेर बघत राहिले. माणूस गेल्यावरही त्याचं किती काय निस्तरायचं राहतं, हे मला पुढच्या काही आठवड्यांत कळायचं होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, बिबवेवाडीत छोटा छापखाना चालवत. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जयंतीची पत्रकं. करोनात एकामागून एक लग्नं पुढे गेली आणि छापून ठेवलेल्या पत्रिका वाया गेल्या. लोक नव्या तारखा घेऊन आले, तेव्हा अण्णांनी त्यांना दुसऱ्यांदा फुकट छापून दिल्या. आई चिडली. "आधीच लग्न लांबलंय बिचाऱ्यांचं, त्यांच्याकडून दोनदा कसले पैसे घ्यायचे?" अण्णा म्हणाले आणि त्यांनी मशीन सुरू केलं. कागद मात्र शनिवार पेठेतल्या पारखशेठकडून उधारीवर आलेला होता. पुढे लोक पत्रिका फोनवरच पाठवू लागले, काम आटलं आणि ती उधारी तशीच राहिली. मग अण्णांच्या किडन्या गेल्या. मशीन विकलं, छापखाना बंद केला, सगळा पैसा औषधात गेला... अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना दुखण्यापेक्षा ती उधारीच जास्त छळायची. कुणी भेटायला आलं की चार शब्द बोलून झाल्यावर पारखशेठचा विषय निघायचाच.

यंदा फेब्रुवारीत पारखशेठ स्वतः घरी आले. गुडघे धरून जिना चढले, अण्णांच्या उशाशी बसले. अण्णांनी हात जोडले आणि बरा झालो की पहिले तुमचे देतो, असं काहीसं पुटपुटले. शेठनी ते जोडलेले हात धरून खाली ठेवले.

"ते मी मिटवलं, अरुणराव. आता आपल्यात काही देणंघेणं राहिलं नाही."

 अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, मग आईला म्हणाले, शेठना चहा कर. त्या दुपारी ते गाढ झोपले. कितीतरी महिन्यांनी. आई दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती, ते मला अजून दिसतं.

जूनच्या सुरुवातीला ते गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे परतले आणि मी त्यांचं शेवटचं रिटर्न भरायला आमच्या सीए देशपांडे मॅडमकडे गेले. वारस म्हणून ते मलाच भरायचं होतं. उधारी माफ झाल्याचं मी सहज सांगितलं, तर त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या कागदाचा खर्च अण्णांनी धंद्यात दाखवला होता, त्यामुळे माफ झालेली रक्कम आता त्यांचं उत्पन्न धरली जाणार होती. मी म्हटलं, मेलेल्या माणसाला कसलं उत्पन्न? त्या शांतपणे म्हणाल्या, "माफ झालं तेव्हा ते होते ना? मग ते त्यांचंच. ते गेल्यावर माफ झालं असतं तर धंदा बंद, तुम्ही तो चालवत नाही, प्रश्नच नव्हता. शेठकडून तारखेसकट लिहून आणा."

कराची रक्कम फार मोठी नव्हती, पण दुखण्याने रिकाम्या झालेल्या घराला जडच होती. शनिवार पेठेत जाऊन मी शेठना सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. आपल्या चांगुलपणाचा आम्हाला भुर्दंड बसावा हे त्यांना पटेना. म्हणाले, मग मी जूननंतरची तारीख टाकतो, सगळं तोंडीच तर होतं, कोण विचारतंय? त्यात लबाडी नव्हती, निव्वळ माया होती. घरी विचारून सांगते म्हणून मी परत आले.

आई तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. ताटातला हात थांबला.

"म्हणजे कागदावर ते देणं डोक्यावर घेऊनच गेले, असं होईल."

तिने ताट बाजूला सारलं.

"ते मोकळे होऊन गेलेत. मी पाहिलंय त्यांना झोपलेलं. जी तारीख खरी आहे तीच टाकायला सांग. कर भरू आपण."

शेठनी फेब्रुवारीची तारीख घातली. सही करताना त्यांचे डोळे भरले होते. आईने तिच्या भिशीतले पैसे आणून दिले, थोडे मी घातले आणि रिटर्न गेलं. वर अण्णांचं नाव, खाली वारस म्हणून माझं. त्याची पोच छापून मी घरी नेली.

आईने चष्मा लावला नाही. कागद हातात घेतला आणि त्याचा कोपरा अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून हलकेच चोळला... अण्णांच्या हातात कुठलाही कागद आला, अगदी दवाखान्याचं बिल असलं तरी, ते आधी असंच करायचे. जाडी बघायचे. त्यांची ही सवय आईच्या हातात कधी आली, कुणास ठाऊक.

"पातळ आहे," ती म्हणाली, आणि कागद नीट घडी करून त्यांच्या उशीखाली ठेवला.