कोटाच्या आत

चिरडलेल्या घाणेरीचा उग्र दर्प आणि त्यात मिसळलेलं डिझेल... तो वास आठवला की आजही माझ्या मुठी वळतात. ‘चकवा’ हा शब्द मी आजवर फक्त कवितेत वापरला होता. तो कुणाला खरोखर लागतो, यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. म्हणून जे पाहिलं, तेवढंच लिहिते.

म्हसळ्याच्या अलीकडे, आमच्या माळावर मातीचा एक गोल बांध आहे. पुरुषभर उंच, हजारेक वर्षांचा. आत कधीकाळी कुणाचं घर नि गोठा असावा. गाव त्याला कोट म्हणतं. आत जायला पूर्वेला एकच वाट. गुरंसुद्धा तिथूनच नेतात; बांध कुणी ओलांडत नाही. बाहेर ‘संरक्षित स्मारक’ अशी पाटी.

दादाला, माझ्या थोरल्या भावाला, तिथे बंगल्यांचे प्लॉट पाडायचे होते. एका दुपारी त्याने जेसीबी आणला.

“शेठ, सरकारी पाटी हाय...” ड्रायव्हर कचरला.

“तुला पाट्या वाचायला आणलाय का? चालव!”

मी आडवी गेले. “दादा, हा गुन्हा आहे.”

“मातीचा ढिगारा आहे तो. एवढा पुळका असेल तर कवितेत ठेव जपून!”

पश्चिमेकडून बांध फुटला. त्या भगदाडातून दादा ऐटीत आत शिरला — आणि कडेकडेने चालू लागला. एक फेरी. मग दुसरी. मग पळतच. प्रत्येक वेळी तो भगदाडासमोरून गेला, आम्ही तिथेच उभे. पण कोऱ्या भिंतीवरून फिरावी तशी त्याची नजर आमच्यावरून फिरली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. दादा ओरडत होता, गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या... आवाज मात्र येत नव्हता.

“ताई, शेठ असं काय करत्यात?”

मी पूर्वेच्या वाटेने धावले, दादाचा हात धरला. विहिरीतून नुकत्याच ओढलेल्या कळशीसारखा गार. “कोण?” तो किंचाळला, आणि बाहेर येईपर्यंत त्याने माझं मनगट सोडलं नाही.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. पण माझा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. आठवड्याच्या आत दुसरा ड्रायव्हर आला, आणि दादा रस्त्यावरूनच, आत पाऊलही न टाकता, हातवारे करून उरलेला बांध पाडून घेऊ लागला. मी पुरातत्त्व खात्याकडे तक्रार केली आहे. तोवर माती ट्रकमध्ये भरली जाते आहे.

काल मी त्याच्यापुढे उभी राहिले. “त्या दिवशी आत काय झालं होतं तुला? सांग या ड्रायव्हरलाही!”

त्या दुपारी आभाळ काळंभोर होतं. हे त्याला ठाऊक आहे, मलाही.

माझ्याकडे न बघता तो म्हणाला,

“ऊन.”