पाटी आली की थांबवायचं

कुरकुंभला काम मिळण्याआधी आप्पा विहिरी खोदायचे. दुसऱ्यांच्या. शिरूर तालुक्याच्या कोरड्या बाजूला आमचं गाव. जमीन नव्हती, पत्र्याची एक खोली होती आणि तीही वर्षातून चार महिनेच उघडी असायची. बाकीचे दिवस टोळीबरोबर जिथं विहीर असेल तिथं आमचं बिऱ्हाड. आप्पा खाली उतरून दगडात भोकं पाडायचे, सुरुंग भरायचे. आई वर यारीपाशी, म्हणजे दगड वर ओढायच्या क्रेनपाशी, खालून आलेली दगडाची बादली रिकामी करायला. मी त्यांची एकुलती एक. चौथीपर्यंत मी पाच शाळा बघितल्या, आणि पाचही शाळांत मी 'विहीरवाल्यांची' होते.

एका विहिरीवर सुरुंग वेळेआधी उडाला. आप्पा वाचले. डाव्या कानातून दोन दिवस रक्त येत होतं. आईनं लसूण घालून तेल गरम केलं, कानात सोडलं, आणि तिसऱ्या दिवशी आप्पा पुन्हा विहिरीत उतरले. दवाखाना वगैरे काही नाही.

नंतर ओळखीच्या एकानं त्यांना कुरकुंभच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे लावलं. कंप्रेसर रूमवर. आम्ही दौंडला खोली घेतली. उरलेला उजवा कान त्या कंप्रेसरनं खाल्ला, हळूहळू, चार-पाच वर्षांत. हे मी आज सलग लिहितेय, पण तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. ऐकू येत नाही हे कारखान्यात कळलं तर आप्पांना घरी बसवतील, आणि ते घरी बसले तर माझं शिक्षण थांबेल. म्हणून त्या दोघांनी ते सगळ्यांपासून लपवलं. माझ्यापासूनही.

दौंडला आई एका अँग्लो-इंडियन आंटीकडे धुण्याभांड्याला जायची. आंटीचे यजमान रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, ते वारलेले. मुलगी ऑस्ट्रेलियात. मी दहावीला होते तेव्हा आंटी कायमची मुलीकडे निघाली आणि घरातलं सामान वाटायला लागली. आई कुणाचे वापरलेले कपडे घ्यायची नाही, हा तिचा नेम. आंटी वैतागली.

"साडी दिया तो नको, स्वेटर दिया तो नको. फिर ये मशीन लेके जाव, बाई. उधर मेरी बेटी के घर में ये सब कोई नहीं देखता."

ते मशीन म्हणजे व्हीसीआर, आणि त्याच्याबरोबर एक पेटीभर कॅसेटी. सगळे जुने इंग्रजी सिनेमे, आंटीच्या आई-वडलांच्या तरुणपणातले, हॉलिवूडचे. आईला मशीन चाललं, कारण मशीन अंगावर घालायचं नव्हतं.

आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, तोही कुणीतरी वापरून झालेला. हिंदी सिनेमा त्याच्यावर फिका पडायचा. हिरॉइनच्या साडीचा रंग शेजारी विचारायला लागायचा. हे सिनेमे मात्र मुळातच काळेपांढरे. आमच्या टीव्हीवर त्यांचं काहीच कमी होत नव्हतं. जे अमेरिकेतल्या साहेबलोकांनी बघितलं तेच आम्ही दौंडच्या खोलीत बघतोय, याचा मला फार अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू, अजून वाटतो.

पहिली कॅसेट लावली तेव्हा माणसं बोलताना दिसली, पण आवाज नाही. नुसता पियानो वाजत होता. आई म्हणाली, "मशीन बिघडलेलं दिलं म्हातारीनं."

मी वायरी काढून घातल्या, टीव्हीला दोन थपडा मारल्या. आप्पा खाटेवरून म्हणाले, "राहू दे की. चांगलं चाललंय."

तेवढ्यात पडदा काळा झाला आणि त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली. मग मला कळलं. हे बोलपटाच्या आधीचे सिनेमे. माणसं बोलतात, आणि काय बोलली ते पाटीवर येतं.

अर्ध्या कॅसेटी अशा मुक्या होत्या, अर्ध्या बोलक्या. बोलक्यातला एक आईचा आवडता. त्यात एक भलामोठा पांढरा जिना आणि पिसांचे टोप घातलेल्या पन्नास-साठ बाया एका लयीत खाली उतरायच्या. आई दरवेळी विचारायची, "एवढा जिना रोज झाडतं कोण?"

आप्पांना बोलके सिनेमे नको असायचे. रविवारी सुट्टी असली की जेवण झाल्यावर म्हणायचे, "पाट्यांचा लाव." मग मी बाजूला बसायचे. पाटी आली की ते पॉज दाबायचे. चित्र थरथरायचं, वरखाली पांढऱ्या रेघा यायच्या. आप्पा टीव्हीकडं पाठ करून पूर्ण माझ्याकडं वळायचे.

"हं. काय म्हणला?"

मी डिक्शनरी मांडीवर घेऊन बसायचे. अडलेला शब्द शोधायचे आणि मराठीत सांगायचे. ते माझ्या तोंडाकडं एकटक बघत ऐकायचे, सांगून झालं की एक क्षण थांबायचे, मग पॉज सोडायचे. दीड तासाचा सिनेमा आम्हाला अडीच तास पुरायचा. माझ्या शिक्षणाचं त्यांना एवढं अप्रूप आहे, म्हणून ते असे वळून बघतात, असं मी समजत होते. मैत्रिणींना सांगितलंसुद्धा होतं.

एक सिनेमा पोस्टमनचा होता. एकच पत्र घेऊन तो बर्फातून, नदीतून, गाढवावरून जातो, आणि पत्ता सापडतो तेव्हा घर मोडून पडलेलं असतं. त्याच्या शेवटी एक बाई उंबऱ्यात उभी राहून बराच वेळ काहीतरी बोलते. मग पाटी येते, दोन शब्दांची. 'उशीर झाला.'

"एवढंच?" आप्पा म्हणाले.

"एवढंच लिहिलंय."

"न्हाई. तिचं तोंड लई हाललं. तिनं अजून कायतरी सांगितलं त्याला. लिवणारानं लिवलं न्हाई."

मी हसले. वाटलं, अडाणी माणूस, सिनेमातल्या बाईशी भांडतोय.

मी दौंडच्याच कॉलेजात आर्ट्सला गेले. बारावी झाले, एफ.वाय.ला आले. इंग्रजीच्या तासाला सरांनी एकदा मला वाक्य करायला सांगितलं, तर माझ्या तोंडून पाटीवरचंच वाक्य गेलं, 'मी आपली आजन्म ऋणी आहे' असं काहीतरी. वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "हे इंग्रजी कुठून शिकलीस?"

"घरी," मी म्हटलं. आमच्या घरी इंग्रजी आहे हे सगळ्या वर्गासमोर सांगताना माझी मान ताठ झाली होती.

त्याच वर्षी एका रविवारी मी आत स्वयंपाकघरात कणीक मळत होते. पाटी आली, आप्पांनी पॉज केलं. हात भरलेले, म्हणून मी आतूनच दाराच्या फटीतून पाटी वाचली आणि ओरडून सांगितलं, "उद्या सकाळी निघतो म्हणतोय."

पॉज सुटलं नाही. मी पुन्हा ओरडले. आप्पा दाराकडं तोंड करून वाट बघत बसले होते.

"पोरी, सांग की. किती येळ?"

"आप्पा, दोनदा सांगितलं."

आई भाजी निवडत होती. मान वर न करता हळू म्हणाली, "म्होरं जाऊन सांग. त्यास्नी ऐकू येत न्हाई."

"कधीपासून?"

"लई दिस झालं. आदी सांग जा, मग इचार."

मी पिठाच्या हातानं बाहेर गेले, त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं, उद्या सकाळी निघतो म्हणतोय. त्यांनी माझ्या ओठांकडं बघितलं, मान हलवली, पॉज सोडलं. माझ्या शिक्षणाचं अप्रूप वगैरे त्यात काही नव्हतं. मी बोलते ते त्यांना फक्त दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी रात्रपाळीला ते गेल्यावर आईनं बाकीचं सांगितलं. "कुठं बोलू नगं. कालिजातबी न्हाई. कंपनीत कळलं तर संपलं."

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी शिकलेली होते. गप्प बसणं हे न शिकलेल्यांचं काम, असं मला वाटायचं. मी विचार केला की कंप्रेसरनं कान गेले, तर तिथून बदली मागावी. स्टोअरला द्यावं, गेटवर द्यावं, जिथं आवाज नाही तिथं. आणि बदली मागायची तर कारण लिहावं लागणार. मी अर्ज लिहिला, मुलगी म्हणून माझ्याच नावानं, इंग्रजीत, खाली आप्पांच्या सहीला जागा ठेवून. आयुष्यातला पहिला. कच्चा तीनदा लिहून मग पक्का केला. 'आपल्या यंत्राच्या आवाजामुळं माझे वडील बहिरे झाले आहेत' हे वाक्य मला इतकं नेमकं जमलं होतं की ते मी दोनदा मोठ्यानं वाचून बघितलं.

आप्पांसमोर कागद धरला. त्यांनी विचारलं, "काय हाय?"

"बदलीचा अर्ज. आवाजातून सुटका होईल."

"आन् काय लिवलंस?"

"बदलीचंच."

त्यांनी सही केली. सही करायला ते साक्षरता वर्गात शिकले होते. एकेक अक्षर दाबून काढायचे. आईला मी दाखवलाच नाही. दुसऱ्या दिवशी कागद त्यांच्याच डब्याच्या पिशवीतून गेला.

मला जे माहीत नव्हतं ते हे. कंप्रेसर रूममध्ये कुणालाच काही ऐकू येत नाही. तिथं सगळे खुणांनी बोलतात. बोट वर म्हणजे प्रेशर वाढलं, मूठ म्हणजे बंद कर, दोन बोटं तोंडाला म्हणजे चहा आला. कान असलेला आणि नसलेला तिथं सारखाच. आख्ख्या कारखान्यात आप्पा जिथं कुणाच्या नजरेत येत नव्हते अशी ती एकच जागा होती, आणि मी त्यांना तिथून बाहेर काढायला निघाले होते.

आठवड्यानं सुपरवायझरनं त्यांना बाहेर मोकळ्या जागेत उभं केलं आणि मागून नाव घेतलं. चार वेळा, असं त्यांच्याबरोबरच्या एका मामांनी नंतर येऊन सांगितलं. आप्पा समोर बघत उभे होते. आप्पा ठेकेदाराचे माणूस, त्यांना काढायला कागदपत्र लागत नाही. उद्यापासून येऊ नको म्हणाले. गॅसचा भोंगा वाजला आणि ह्याला ऐकू आला नाही तर कोण जबाबदार? ते चुकीचं बोलले असंही मी म्हणू शकत नाही. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

आप्पा दुपारी घरी आले. डबा भरलेलाच होता. आईनं पितळेची कळशी उचलली. ती घेऊन नळावर गेली आणि बराच वेळ आली नाही. आप्पा माझ्यासमोर बसले. दिव्याचं बटण दाबलं, माझं तोंड नीट दिसावं म्हणून.

"कागदात काय हुतं, सांग. समदं."

मी एकेक वाक्य मराठीत सांगितलं. सावकाश, ओठ उघडून. बहिरे या शब्दाला मी थांबले, तर त्यांनी हातानं खूण केली, पुढं बोल. शेवटचं 'आपली नम्र' इथपर्यंत मी आले.

"बरोबर लिवलंस," ते म्हणाले. "खोटं काय न्हाई त्यात." मग म्हणाले, "पर मला इचारायचं हुतंस, बाय. कान माझं हुतं."

मी रडले. ते उठून हातपाय धुवायला गेले.

पंधरा दिवसांनी ते शिरूरकडं परत गेले, आत्याकडे राहून जुन्या टोळीबरोबर विहिरीच्या कामाला. सुरुंगाला कुणी घेईना, म्हणून वर यारीवर, एकेकाळी आई जिथं असायची तिथं. आईनं दौंडला आणखी दोन घरची भांडी धरली. मी कॉलेज सोडते म्हणाले, तर तिनं एवढंच विचारलं, "मग त्यांची नोकरी कशापायी गेली?"

महिन्या-दीड महिन्यानं आप्पा एसटीनं यायचे. मी पाट्यांचा सिनेमा लावायचे आणि बाजूला बसायचे. पाटी यायची. ते पॉज दाबत नव्हते. रागावले होते म्हणून नाही, मला ते रागावलेले कधी दिसलेच नाहीत. पाटी यायची, ते बघायचे, ती जायची. मी कडेनं अर्थ सांगायचे, पण ते वळतच नव्हते, मग माझं सांगणं कुणासाठी? पोस्टमन बर्फातून जायचा, बाई उंबऱ्यात बोलायची, आणि आम्ही दोघं आपापला सिनेमा बघायचो. पुढं मशीनचं हेड गेलं. दुरुस्त करणाऱ्यानं सांगितलं, आता सीडी आल्यात, ह्याचं सामान मिळत नाही. आम्ही आग्रह धरला नाही.

मी नोकरीला लागल्यावर त्यांना पुण्याला नेलं, कानाचं यंत्र बसवून आणलं. त्यांनी ते दोन दिवस लावलं. म्हणाले, नुसता कालवा येतो, त्यात माणसाचं बोलणं कुठलं ते कळत न्हाई. फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवून दिलं. मी नेहमीसारखी समोर बसून बोलत राहिले. आमच्यात बोलणं होतं. जेवलात का, एसटी मिळाली का, औषध घेतलं का. अर्जाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मला तो काढायचं धाडस झालं नाही.

नोकरी गेली ती गेली. कारखान्याकडून काही मिळालं नाही. मी नंतर पाठवलेल्या दोन अर्जांना उत्तरही आलं नाही. आईनं भांडी घासून आणि आप्पांनी यारी ओढून माझी उरलेली दोन वर्षं काढली. मी बी.ए. झाले, इंग्रजी विषय घेऊन, सेकंड क्लासमध्ये. आमच्या दोन्हीकडच्या घरांत पदवी मिळवलेली मी पहिली आहे.