अजून वर

गायकवाडीतल्या बडोद्यात आम्हा कॉलेजच्या पोरांना वादविवादाचं भारी वेड होतं. त्या रविवारी वाचनालयात विषय होता, गुत्त्यावर दारू कितव्या वर्षापासून मिळावी. मी दारूचा कट्टर वैरी.

लाल पागोटं घातलेला एक म्हातारा मागच्या बाकावर बसला होता. पागेतला पेन्शनर असावा. बाकावरही घोड्यावर मांड ठोकल्यासारखा ताठ. पहिला वक्ता अठरा म्हणाला, तशी त्याने तर्जनी छताकडे केली. "वर घ्या." दुसरा एकवीस म्हणाला. बोट पुन्हा छताकडे. मी उठून ठासून पंचवीस म्हणालो आणि आशेने त्याच्याकडे पाहिलं.

"अजून वर, भाई."

माझ्याहून कडक माणूस भेटला म्हणून मी त्याला मानाने पुढे आणून बसवलं. म्हटलं, "बाबा, मग तुम्हीच आकडा सांगा."

त्याने मिशीवरून हात फिरवला. "माझं वय त्रेसष्ट. तुम्ही चौसष्ट लावा, आणि दर दसऱ्याला एक वाढवत चला. चाळीस वर्षं सोडतो सोडतो म्हणतोय, माझ्याच्याने होत नाही. निदान गुत्तेवाला तरी म्हणेल, बाबा, तुम्ही अजून लहान आहात."

सगळी सभा हसली. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला, पागोटं सावरत.

एकवीसचा ठराव बहुमताने पास झाला. म्हाताऱ्याचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं. चौसष्टला दोनच हात वर झाले होते. एक त्याचा आणि दुसरा माझा.