व्याह्यांच्या यंत्राची सोंड

आमच्या व्याह्यांबद्दल लिहायचं मी कितीतरी वर्षं टाळत आलो. घरात त्यांचा विषय निघाला की मी पेपर तोंडापुढे धरतो. आता एकदाचं लिहून टाकतो. भुशाशी इतकं कडवं वैर धरणारा आणि माणसांशी जराही न धरणारा दुसरा गृहस्थ सबंध सोलापुरात झाला नसेल.

बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला लागतात, हे सुतारकामाला लागले. जुळे सोलापूर भागातल्या घराच्या पार्किंगवर पत्रे घालून त्यांनी कारखाना थाटला आणि स्कूटर उन्हात काढली. लाकडावर त्यांचा जीव, पण लाकडाचा भुसा त्यांना डोळ्यांसमोर नको असे. कारखान्याच्या मधोमध एक ओला पांढरा रुमाल टांगलेला असायचा. संध्याकाळी तो उजेडाकडे धरून येईल त्याला विचारायचे, "बघा, हाय का डाग?" डाग निघाला तर त्या दिवशी जेवताना अबोला. तोंडावरचा मास्क दिवसभर असायचा, फक्त शिंक आली की काढायचे. का, तर "आतनं घाण कशाला करायची?"

दुसरा नाद आवळण्याचा. कुणीही बसवलेला बोल्ट ते पान्यानं पुन्हा आवळून बघत. रिक्षात बसण्याआधी वाकून चाकाचे नट तपासत. एक रिक्षावाला वैतागून म्हणाला, "काका, तुमीच चालवा की मग!" हे शांतपणे म्हणाले, "लायसन न्हाय. न्हाईतर चालवलीच असती." आमच्या मुलांच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आणि मुलीचा बाप कुठे दिसेना. ते मागे मांडवाचा खांब हलवून बघत होते.

या सगळ्या तपासणीतून जगात एकच माणूस सुटला होता, तो म्हणजे मी. मी मुलाचा बाप. मी गेलो की ते खुर्ची पुसायचे, तीही स्वतःच्या सदऱ्यानं. "बसा की पावणं," म्हणत शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पुढे करायचे. माझा शब्द त्यांनी कधी खोडला नाही. एकदा मी सागवानाच्या फळीला शिसव म्हणालो, तर ती फळी संपेपर्यंत तेही तिला शिसवच म्हणत राहिले.

शेजारी भुशावरून कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी भुसा ओढून घेणारं यंत्र आणलं. चाकांवरचं, पिंपाएवढं. ते अडलं की त्याच्याशी कानडीत बोलायचे. आजोळ अक्कलकोटकडचं. "याके अप्पा, एनायतु?" म्हणजे, का रे बाबा, काय झालं? आणि खरंच, दोन थापटा मारल्या की ते सुरू व्हायचं. पण त्याचा जाड पाइप घासून गुळगुळीत केलेल्या लाकडावरून लोळायचा आणि ओरखडे पाडायचा. म्हणून त्यांनी त्याला हात मागवला. यंत्राच्या कडेला उभा लोखंडी खांब, खांबावर आडवा, फिरता दांडा आणि दांड्यावरून पाइप खाली सोडलेला, हत्तीच्या सोंडेसारखा.

तो बसवायला आम्ही दोघंच होतो. खांबाचा वरचा बोल्ट ते आवळत होते, खालचा मी. मी तो बोटांनी फिरवला, पान्याकडे हात नेला, तेवढ्यात चहा आला. चहाबरोबर गप्पा आल्या. मग त्यांनी विचारलं, "खालचा घट्ट हाय न्हवं, पावणं?"

मी ऐटीत म्हणालो, "अहो, मुलाच्या बापानं आवळलाय!"

ते हसले. पाना त्यांच्या हातात होता. तरी ते वाकले नाहीत. व्याह्यानं आवळलेला बोल्ट पुन्हा आवळायचा म्हणजे व्याह्याचा अपमान. पाना त्यांनी खिळ्याला अडकवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी काम करताना सोंड फिरवली आणि अख्खा खांब त्यांच्या मनगटावर आला. प्लास्टर झालं. माझी सून, म्हणजे त्यांचीच लेक, रडतरडत म्हणाली, "बाबा, कितीदा सांगितलं, पुरे करा आता हे! कुणी बसवलं होतं ते?"

मी तिथेच उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "मीच की. खालचा बोल्ट राहिला माज्याकडनं."

आणि मी, पुढे होऊन, काय म्हणालो? "वय झालं की व्हायचंच असं."

त्या वाक्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. कारखाना बंद झाला, यंत्र विकलं गेलं आणि व्याही करमाळ्याला थोरल्या मुलाकडे राहायला गेले. तिथे हातात काही काम नव्हतं. सून सांगायची, बाबा दिवसभर घरातल्या खुर्च्या उलट्या करून त्यांचे पाय हलवून बघतात.

मी एकदा मुद्दाम करमाळ्याला गेलो. वाक्य एस्टीत पाठ केलं होतं. पण दारातच त्यांनी पायांवर पाणी घातलं, आत नेऊन टॉवेल-टोपीचा आहेर केला. बरं झालेलं पण वाकडंच राहिलेलं ते मनगट माझ्या कपाळाशी आलं, कुंकू लागलं. "व्याही," मी म्हणालो, "ते त्या दिवशीचं..."

"आदी जेवून घ्या की," ते म्हणाले.

जेवलो. परत आलो. त्यानंतर ते फार दिवस जगले नाहीत. एस्टीत पाठ केलेलं वाक्य एवढंच होतं: व्याही, तो बोल्ट मी नुसता बोटांनी फिरवला होता. तुमचं वय झालं नव्हतं. मला माफ करा.