तपासणीची फी कोणी भरली

बंदूक पसंत करायला गिऱ्हाइकाला फार वेळ लागत नसे. वेळ जाई तो फी भरताना.

दोहातल्या बाजारात शिकारीच्या सामानाचं एक दुकान होतं, तिथे मी काही वर्षं कागदपत्रांचं काम केलं. त्याआधी मराठी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. दुकानात पुढे ससाण्यांच्या टोप्या, चामड्याचे हातमोजे, दुर्बिणी, तंबू. आतल्या खोलीत कुलूपबंद काचेच्या कपाटात शिकारीच्या बंदुका. बंदूक फक्त कतारी नागरिकाला मिळे, तीही सरकारी परवानगी आल्यावर. परवानगीआधी त्याची पार्श्वभूमी तपासली जाई, आणि त्या तपासणीची फी अर्जदाराने स्वतः भरायची असा नियम होता. अर्ज टॅबलेटवर भरून पाठवणं माझ्याकडे होतं.

बंदुकीच्या किमतीपुढे फी किरकोळ होती. तरी वाद होई तो तिच्यावरच. एक तरुण हसत म्हणाला होता, "चौकशी माझी, आणि तिचं बिलही मीच भरायचं?" त्याने भरलं. काही जण कार्ड काउंटरवर टाकत आणि दुसरीकडे बघत. किमतीत फसवलं गेल्याचा राग वेगळा असतो. हा राग संशय घेतला गेल्याचा असे.

काउंटरवर रत्नागिरीकडचे एक चाचा होते. वय साठीच्या जवळ, निम्मं आयुष्य या बाजारात गेलेलं. शहरातल्या अल थुमामा भागात दोन खोल्यांत बायको आणि दहावीतली मुलगी. अरबी ते गिऱ्हाइकांकडूनच शिकले होते. मला ते पत्रकार म्हणत, टिंगल म्हणून. "काय पत्रकार, आज काय छापलास?"

एका संध्याकाळी त्यांचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक आलं. म्हातारे कतारी गृहस्थ, ससाणे पाळणारे. सगळे त्यांना हज्जी म्हणत. हज्जींनी दुनळी बंदूक बघितली, खांद्याला लावली, मान डोलावली. मी फीचा विषय काढला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. तरुणपणी मुंबईला ये-जा असल्याने ते मोडकं हिंदी बोलत.

"मेरा चेक? सारा बाजार मेरे को जानता."

"सबका होता है, हज्जी."

ते उठले. अर्धवट चहा तिथेच राहिला. चाचा काउंटरच्या बाहेर आले, त्यांना दंडाला धरून पुन्हा बसवलं. "बैठो हज्जी. ये मेरी तरफ से." आणि टॅबलेट ओढून त्यांनी स्वतःचं बँकेचं कार्ड लावलं. पैसे भरणाऱ्याचा मोबाइल नंबर मागितला तिथे स्वतःचा टाकला.

मी मराठीत म्हणालो, "चाचा, फी ज्याची त्यानेच भरायची असते."

"अरे, फी भरलीय. बंदूक नाय घेतली मी." मग हलक्या आवाजात, "माझी पोर आजारी होती तेव्हा हा माणूस हॉस्पिटलात येऊन बसलान. आता ह्याच्याकडून मी तपासणीचे पैसे मागू?"

पुढच्या आठवड्यात हज्जी पुन्हा आले. या वेळी ते बसले नाहीत. त्यांचा अर्ज नामंजूर झाला होता. कारण कळवलेलं नव्हतं. दुकानात इतर गिऱ्हाइकं होती, ती एकेक करून हातमोज्यांच्या बाजूला सरकली.

"मेरा कागज वापस. चालीस साल में मेरा कागज कोई वापस नहीं किया. कौन बोला मेरे बारे में?"

"कोई नहीं बोला, हज्जी."

"तो क्यों?"

हज्जी गेले. चाचा बराच वेळ काउंटरची काच पुसत राहिले.

त्या प्रश्नाचं उत्तर त्याच दुपारी आलं, चाचांच्या फोनवर. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "वाच तरी काय ते." संदेश परवाना कार्यालयाचा होता, अरबीत, खाली इंग्रजी. शस्त्रखरेदीच्या अर्जाची फी अर्जदाराऐवजी दुसऱ्या व्यक्तीने, परदेशी रहिवाशाने, भरली आहे. त्या व्यक्तीने ओळखपत्र घेऊन उद्या सकाळी हजर राहावं. अर्जदारही आल्यास खुलासा सोपा होईल.

म्हणजे हज्जींचा अर्ज फेटाळला गेला होता तो चाचांच्या कार्डामुळे. आणि कार्यालयाच्या दृष्टीने एका भारतीयाने बंदुकीसाठी पैसे दिले होते. मी हे त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. ते खाली स्टुलावर बसले.

त्यांच्या रहिवास परवान्याचं नूतनीकरण त्याच महिन्यात होतं. ते अडलं असतं तर नोकरी, घर, मुलीची बोर्डाची परीक्षा, सगळं एकदम गेलं असतं. मॅनेजरने संदेश वाचला आणि फोन परत केला. "दुकानाचा संबंध नाही. कार्ड तुझं होतं."

"हज्जींना सांगायला हवं," मी म्हणालो.

"सांगू काय? तुमची अब्रू मीच घालवली म्हणून?"

"ते आले नाहीत तर तुम्ही एकटे आहात, चाचा."

त्यांनी फोन लावला. अरबीत बोलले, थांबले, पुन्हा बोलले. पलीकडून काही ऐकू येत नव्हतं. शेवटी त्यांनी फोन कानापासून दूर धरून बघितला. "ठेवलान."

"येणार का?"

"काय बोलला नाय."

घरी त्यांनी काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्यांना गाडीतून कार्यालयात नेलं. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. रस्ताभर ते एकदाच बोलले. "परीक्षेचं सेंटर बदलून गावाकडचं मिळतं काय रे?" मला माहीत नव्हतं.

अधिकारी तरुण होता, इंग्रजी बोलणारा. त्याने चाचांचा बताका, म्हणजे रहिवासाचं कार्ड, मागून घेतला आणि कीबोर्डशेजारी उलटा ठेवला.

"बंदूक कोणाला हवी होती?"

चाचांनी नाव सांगितलं.

"मग पैसे तुम्ही का दिलेत?"

"ते मोठे आहेत. जुने गिऱ्हाईक. त्यांना वाईट वाटलं." चाचा अरबी विसरून मराठीतच बोलत होते; मी त्याचं इंग्रजी केलं. ऐकायला ते फार अपुरं वाटलं.

अधिकारी रागावला नाही. त्यामुळे जास्त भीती वाटली. "दुसऱ्यासाठी बंदूक घेणारा माणूस नेहमी असाच येतो," तो म्हणाला. "एक जण अर्ज करतो, दुसरा पैसे देतो. फी किती आहे याला महत्त्व नाही. ती कोणाच्या खिशातून आली, हेसुद्धा आम्ही तपासतो. अर्जदार कुठे आहे?"

"येतील," चाचा म्हणाले. "इन्शाल्ला."

आम्हाला भिंतीकडच्या खुर्च्यांवर बसवलं. कार्ड टेबलावरच राहिलं. लोक येत होते, कामं होऊन जात होते. दार उघडलं की चाचा अर्धे उठत आणि पुन्हा बसत. काही वेळाने त्यांनी उठणं सोडून दिलं, म्हणून हज्जी आत आले तेव्हा त्यांना पहिल्यांदा मी पाहिलं.

हज्जींनी आमच्याकडे बघितलं नाही. सरळ टेबलापाशी गेले आणि उभ्यानेच अरबीत बोलले, थोडं आणि मोठ्याने. चाचा माझ्या कानाशी अर्थ लावत होते. "म्हणतो, बंदूक माझी. ह्या माणसानं माझा मान ठेवलान. चूक माझी, मी ठेवू दिला."

अधिकाऱ्याने टाइप केलं, सही घेतली. मग विचारलं, नवीन अर्ज करायचा आहे का? तपासणी पुन्हा होईल. फी पुन्हा, तुमच्याच कार्डाने.

हज्जींनी खिशातून पाकीट काढलं. ते हातात धरून ते उभे राहिले. आम्ही दोघं त्या पाकिटाकडे बघत होतो. मग त्यांनी ते पुन्हा खिशात ठेवलं.

"ला," ते म्हणाले. नको. "खलास."

अधिकाऱ्याने बताका सरकवला. चाचांनी तो उचलला, स्वतःचा फोटो नीट बघितला आणि शर्टाच्या खिशात टाकून वरून हात दाबून धरला.

पार्किंगमध्ये चाचा हज्जींच्या गाडीकडे जवळजवळ पळतच गेले आणि मागचं दार उघडून धरलं. हज्जी आत बसले. दार त्यांनी आतून स्वतः ओढून घेतलं. काच खाली आली नाही. गाडी निघून गेली. त्यानंतर हज्जी कधी दुकानात आले नाहीत.

उन्हात उभं राहूनच चाचांनी घरी फोन लावला. "जेवायला येतोय."

बायकोचा आवाज मलाही ऐकू आला. "आत्ता? दुकान बंद आहे काय?"

"दुकान चालू आहे," ते म्हणाले. "मीच येतोय."