हरिचंद्रचे चौदा तास

हरिचंद्रला कामगार म्हणा, कारागीर म्हणा, त्याला फरक पडत नाही. मला पडतो; मी इथल्या कामगारांच्या युनियनचं काम बघतो, म्हणून मी भांडतो. बारवी धरणाकडच्या पाड्यातला हा माणूस. अंबरनाथ एमआयडीसीत दिनानाथशेठच्या कारखान्यात बावीस वर्षं एकच काम करत आला. ॲसिडच्या लाइनला लागणाऱ्या व्हॉल्व्हची झडप आणि तिची बैठक हाताने घासून एकजीव करायची. लॅपिंग म्हणतात त्याला. बारीक पेस्ट लावून आठचा आकडा काढल्यासारखं फिरवायचं, रॉकेलने धुवायचं, निळा रंग लावून बघायचं. रंग सगळीकडे सारखा उमटत नाही तोवर पुन्हा. यात बोटांचे ठसे गेले. रेशनच्या मशीनवर अंगठा त्याची बायको रखमा लावते.

मार्चमध्ये गिऱ्हाईक कंपनीचा खरेदी अधिकारी पुष्कर आला. त्याचा सवाल सरळ होता. साध्या व्हॉल्व्हच्या आठपट दर कशाला? शेठ नेहमीसारखे 'मशीनिंग, मशीनिंग' करत होते. दर मोघम ठेवण्यातच सगळ्यांची भाकरी असते, हे शेठला कळत होतं. मला नाही कळलं. आठवडाभर आधी मीच हरिचंद्रला झापलं होतं, की तुझी किंमत तू नाही सांगणार तर कोण सांगणार?

शेठनी त्याला नुसता नमुना दाखवायला बोलावलं होतं. हा बोलला. धातू महाग, ओतकामात दहातले तीन नग बाद, टेस्टिंग आणि सर्टिफिकेटचा खर्च निराळा, सगळं सांगितलं. मग म्हणाला, "पण साहेब, धातू काय, पैसे टाकले की कोणालापण भेटतो. खरा भाव ह्यांचा हाय. एका नगाला चौदा तास." आणि दोन्ही हात पुढे केले.

पुष्करने आदराने ऐकलं. चौदा तास वहीत लिहून घेतले.

त्या दिवशी हरिचंद्रने मला चहा पाजला, वर भजीपण.

महिन्याने ऑर्डर आली. कंपनीने आपल्या लाइनी तपासल्या होत्या. बहुतेक थंड ॲसिडच्या. तिथे टेफ्लॉनची तयार रिंग पुरते, घासायची गरजच नाही. ऑर्डरमधून लॅपिंगच्या खर्चाची ओळच उडवलेली. गरम लाइनींना हाताने घासलेले लागतील ते वर्षाला चार नग.

माझं डोकं फिरलं. हे गळणार, माणसं भाजणार, सरकारला पत्र टाकतो, म्हटलं. रिंगवाला पहिला नग टेस्टला लागला त्या दिवशी मी समोरच्या टपरीवर कागद घेऊनच बसलो. टेस्ट हरिचंद्रकडेच होती. दाब दहा मिनिटं धरायचा नियम. त्याने अर्धा तास धरला, कोरडं फडकं घेऊन खाली वाकून बसला. पुन्हा अर्धा तास. शेठ बाजूला उभे राहून बघत होते; उघड्या शटरमधून मला टपरीवरून सगळं दिसत होतं.

तो बाहेर आला.

"गळला ना?"

"थेंब नाय."

"अरे, गळला म्हण. सही तुझीच लागते. कोण बघायला येतंय?"

तो बाकड्यावर टेकला. "भाऊ, बावीस वर्षांत गळका पास नाय केला. आता चांगला नापास करू?"

सही करूनच आला होता तो.

सोमवारपासून हरिचंद्र पॅकिंगला आहे. पगार तोच, त्यामुळे भांडायलाही जागा नाही. ते चार नग तरी आपल्याकडे राहतील ना, असं त्याने परवा विचारलं. शेठ ते बाहेरून तयार आणायचं बघताहेत, हे मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही.